पाणी दिलेली पिन

नगरला लोक किल्ला बघायला जातात. मी गेले मामांचे लोखंडाचे तुकडे फोडून घ्यायला. फिरण्याच्या ब्लॉगवर हे काय, असं म्हणाल, पण वाचा.

मामांचं राहुरीजवळ वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडणारी जाड पिन ते बनवतात आणि तिला पाणी देतात, म्हणजे लालभडक तापवून पाण्यात बुडवून कडक करतात. गेल्या महिन्यात तसली एक पिन स्पीडब्रेकरवर तुटली आणि भरलेली ट्रॉली रस्त्याकडेच्या चारीत गेली. कुणाला लागलं नाही. पण मामांनी ट्रॅक्टरमालकाला छातीठोक सांगितलं, माझी पिन तुटत नसते, ड्रायव्हरनेच आदळली. झालं, ड्रायव्हर रशीदभाईंचं काम गेलं. मामी तेव्हापासून मामांशी धड बोलत नव्हत्या. मला राग आला आणि मी नगरच्या एका लॅबची वेळच घेतली. मामांच्या पिना, पाणी दिलेली आणि न दिलेली, आधीच पाठवल्या, म्हणजे तुकडे कापून तयार राहतात. खर्च प्रत्येक लॅबचा वेगळा, फोन करून विचारा.

राहुरी ते नागापूर एमआयडीसी स्कूटरवर सव्वा तास. खड्ड्यांतून अधूनमधून रस्ता लागतो. विळद घाटात मामा मागे बसून माझ्या वतीने ब्रेक दाबत होते. वर आल्यावर मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, तर्री मागाल तेवढी. मामांनी पाव तसाच ठेवला.

लॅबमध्ये आधी पिनेची एक कांडी यंत्राने हळूहळू ओढली. तिने भरपूर ताण सोसला. मामा खूश, "बघ, म्हनलं हुतं का न्हाई?"

मग लॅबच्या मॅडमनी बोटाएवढा, मधोमध खाच पाडलेला तुकडा आडवा ठेवला आणि वर अडकवलेला जड हातोडा सोडला. तो झोका घेत आला, खट्! तुकड्याचे दोन झाले आणि हातोडा काही लागलंच नाही असा पलीकडे वर गेला. आणखी दोन तुकडे, तेच. त्याच लोखंडाचे पाणी न दिलेले तीन तुकडे मात्र नुसते वाकले. त्यांनी मार सोसला, म्हणून हातोडा पलीकडे जेमतेम अर्धा चढला.

मॅडमनी विचारलं, पाणी कसं देता? मामा वडिलांकडून छिन्नीला पाणी द्यायला शिकलेले. छिन्नीचं लालभडक टोक तेवढं बुडवायचं, मागची ऊब टोकात परत येते आणि त्याचा ठिसूळपणा जातो. पिन मात्र ते अख्खी बुडवायचे. ऊब उरायचीच नाही, ठिसूळपणा तसाच राहायचा.

"म्हंजे रशीदनं आदळली न्हाई?"

"आदळली असेल काका," मॅडम म्हणाल्या. "रस्त्यावर आदळणारच. पिनेने ते सोसायला हवं."

परतताना मामा आधी मालकाकडे गेले, मग रशीदभाईंकडे. तुटके तुकडे त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "चूक माझी हाय. मालकाला सांगून आलो."

रशीदभाईंनी तुकडे उलटेपालटे केले. मला वाटलं, आता ऐकवतील, आणि ऐकवायलाच हवं होतं.

"अशा अजून किती ट्रॉल्यांला लावल्यात?" एवढंच त्यांनी विचारलं.

तीस.

पुण्याच्या घरी माझ्या टेबलावर लॅबमध्ये फुटलेला एक तुकडा आहे. काल मामींचा फोन आला. अठ्ठावीस पिना परत आल्या आहेत. उरलेल्या दोन ट्रॉल्या शोधत मामा आणि रशीदभाई सकाळीच बाहेर पडलेत, डबा मामींनी दोघांचा दिलाय.