हळदीच्या हॉलातला पाचवा टच

डोळे मिटले की मला अजूनही दोन दिवे दिसतात. एक लाल, एक हिरवा. झोप लागायच्या जरा अलीकडे ते हळूच उजळतात आणि पापण्यांच्या आत तरंगत राहतात. नवरा म्हणतो, तू झोपेतही ‘हॉल्ट’ म्हणून ओरडतेस. ओरडत असेन. तलवारबाजीची पंच म्हणून इतकी वर्षं उभी राहिले आहे की माझी स्वप्नंसुद्धा खेळाच्या पट्टीएवढी, चौदा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतात. त्या पट्टीच्या बाहेर पाय पडला की जाग येते.

इस्लामपूरजवळच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका, आणि सुट्टीच्या दिवशी पंच. आवाज मोठा, राग नाकावर. पोरं मला पाठीमागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक निवड स्पर्धा आमच्याकडे होती. मुलींच्या गटातल्या पहिल्या चौघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. खेळाच्या हॉलचं छत दुरुस्तीसाठी उतरवलेलं, म्हणून आमच्या संयोजकांनी एक मंगल कार्यालय मिळवलं. संयोजक म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. तलवारबाजी ते फौजेत शिकले आणि गावाकडे घेऊन आले. कार्यालयवाल्याची अट एकच होती. पाचला हॉल रिकामा करायचा, कारण संध्याकाळी तिथं हळद होती.

सकाळी धुकं होतं आणि त्यात कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास मिसळलेला. त्या धुक्यातून पोरं येतच राहिली. एसटीतून, जीपमधून, एका गावची तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. कबड्डीला गर्दी असते, तिथं नंबर लागत नाही, म्हणून पालकांनी पोरं तलवारबाजीला घातली होती. खेळाचं प्रमाणपत्र भरतीला उपयोगी पडतं. हा शहाणपणा सगळ्यांनी एकदमच केला आणि गर्दी आमच्याकडे झाली. नोंदलेल्यांच्या दुपटीनं पोरं दारात उभी, आणि आम्ही पंच पाच. त्यातला एक तापानं फणफणलेला.

“सुभेदार, एवढी पोरं पाचच्या आत कशी उरकायची?” मी म्हटलं.

“मॅडम, आता आल्याली पोरं काय माघारी धाडायची व्हय?” त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. “पंधरा टचचं सामनं पाचवर आणू. आन् तुमी जरा माईकवर दम द्या. वाद घालण्यात लय येळ जातोय. तुमच्याशिवाय ही न्हाई कुणाचं ऐकायची.”

दम देणं मला छान जमतं. नवरानवरीच्या खुर्च्या मांडायच्या त्या स्टेजवर मी चढले आणि सांगितलं, “आज पंचाला काहीही विचारायचं नाही. निर्णय दिला की दिला. जो तोंड उघडेल त्याला पिवळं कार्ड, पुन्हा उघडेल तो घरी.” हॉल चिडीचूप झाला. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

त्यानंतर मी शस्त्रं तपासायला बसले. रांगेत एक किरकोळ अंगाची मुलगी आली. हातमोजा डाव्या हातात.

“डावखुरी का गं?”

“व्हय मॅडम.”

मुलगी विट्याजवळच्या एका गावातली. बरोबर आई होती. मुलीला खेळ शिकवणारे सर दुसऱ्या पट्टीवर मुलांच्या गटात अडकलेले, म्हणून आईच तलवारीची पिशवी सांभाळत होती. वडील लांब उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरात गलाईवाले. त्या भागातली निम्मी माणसं अशीच देशभर पांगलेली, सोनं गाळायची दुकानं टाकून. आईनं न विचारताच सांगून टाकलं, “हिच्या पप्पांनी सांगितलंय, राज्याला निवड झाली तर हितंच वसतिगृहात ठेवायची. न्हाई झाली तर जूनला समद्यांनी तिकडं जायाचं. तिकडं ह्यो खेळ न्हाई म्हणं.”

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. हातमोज्याचा अंगठा चाचपत होती. मी तिच्या तलवारीचं टोक दाबून दिवा लागतो का ते पाहिलं, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.

मग दिवस सुरू झाला. त्या दिवसाचं मला सलग काही आठवत नाही. पांढऱ्या कपड्यातली पोरं येत होती, जाळीचे मुखवटे चढवत होती, आणि मुखवटा चढला की सगळी एकाच चेहऱ्याची होत होती. तलवार उचलून आधी एकमेकांना, मग मला सलामी. ऑन गार्ड, रेडी, प्ले. दिवा, हॉल्ट. पुन्हा ऑन गार्ड. तलवारीचं टोक समोरच्याच्या अंगाला लागलं की टच, आणि पाठीला तारेनं जोडलेल्या यंत्रावर त्या खेळाडूचा दिवा लागतो. आमच्या प्रकारात दोन्ही दिवे एकदम लागले तर यंत्राचं काम संपतं. हल्ला आधी कुणी सुरू केला ते पंचानं सांगायचं आणि त्या बाजूचा हात वर करायचा. ते एका डोळ्याच्या उघडझापीत घडलेलं असतं. दुपारपर्यंत मी असे किती क्षण डोळ्यांत साठवले असतील, कोण जाणे. पाय माझे राहिले नव्हते. चहा दोनदा आला, दोन्ही वेळा निवून गेला. खिडकीतून ऊन आत येत होतं, त्यात सतरंज्यांची धूळ सोन्यासारखी फिरत होती, आणि त्या धुळीतून ती पांढरी पोरं पाण्याखाली चालल्यासारखी पुढंमागं सरकत होती. आवाज लांबून येत होते. मला छान वाटत होतं, खरं सांगायचं तर. दमणूक एका हद्दीपलीकडे गेली की माणूस हलका होतो. तेव्हाच सांभाळायला हवं होतं.

साडेचारच्या सुमाराला मी जेवणाच्या हॉलातल्या पट्टीवर होते. समोर विट्याकडची डावखुरी आणि पाचगणीच्या निवासी शाळेतली एक उंच मुलगी. जिंकेल ती पहिल्या चौघींत.

आमचा एक नियम आहे. डावखुरा आणि उजवा असा सामना असला की डावखुऱ्याला पंचाच्या डाव्या हाताला उभं करतात. त्यामुळे दोघांच्याही छात्या पंचाकडे येतात आणि टच नीट दिसतो. इतक्या वर्षांत ते माझ्या अंगात मुरलेलं. डावखुरा म्हणजे डावा हात, विचार करायलाच लागत नाही.

डावखुरी चार-तीन पुढे होती, तेवढ्यात आचारी आले. मोठाली पातेली, वाढपाची टेबलं, मागून हळदीच्या पिवळ्या साड्यांतल्या बायका. माझ्या पाठीशी टेबलं मांडायला लागले.

“मॅडम, जरा पलीकडनं बघा की,” दारातून सुभेदार म्हणाले. “आवरा आता. त्येंची माणसं कावल्यात.”

मी पट्टी ओलांडून गुण लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलाशेजारी जाऊन उभी राहिले. खरं तर मुलींच्याही जागा बदलायच्या, पण त्यांच्या पाठीच्या तारा सोडून पुन्हा जोडायला पाच मिनिटं गेली असती. मुली होत्या तिथंच राहिल्या. म्हणजे डावखुरी आता माझ्या उजव्या हाताला होती. छात्यांऐवजी मला दोघींच्या पाठी दिसत होत्या. एवढ्यानं तरी शुद्धीवर यायला हवं होतं.

पाचगणीच्या मुलीनं एक टच घेतला. चार-चार.

“ऑन गार्ड. रेडी. प्ले.”

डावखुरी पाय आपटून निघाली. हात आधी लांबला, मग पाऊल. शाळेत फळ्यावर काढून दाखवावा तसा हल्ला. समोरचीनं उशिरा हात काढला. दोन्ही दिवे लागले. मी स्पष्ट पाहिलं, मनात स्पष्ट म्हटलं, डावखुरीचा हल्ला. आणि डावा हात वर केला.

“टच. पाच-चार.”

बाईंनी हात बघून गुण डाव्या बाजूच्या मुलीच्या नावावर लिहिला. डावखुरीनं मुखवटा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. तोंड किंचित उघडलं, मग मिटलं. तिनं सलामी दिली, प्रतिस्पर्धी मुलीशी हात मिळवला आणि पत्रकावर सही केली. मीही केली, न वाचता. आचारी माझ्या कोपराशी पातेलं घेऊन उभा होता.

त्यानंतर नवरीच्या खोलीत मी पाच मिनिटं खुर्चीवर टेकले. कुणीतरी हातात हळदीचा चहा दिला, म्हणजे हळदीच्या कार्यक्रमाचा. डोळे मिटले. दिवे आले, लाल आणि हिरवा. त्यांच्यामधून ती पांढरी आकृती पुन्हा निघाली, हात आधी, पाऊल मग. तिची पाठ मला दिसत होती. पाठ का दिसते आहे, असं मी स्वप्नातच म्हटलं, आणि माझ्या हातातला कप खाली पडला.

सुभेदार अंगणात निवडलेल्यांची यादी मोबाईलवरून पाठवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईल खाली केला.

“दोघींच्या सह्या झाल्यात मॅडम. तुमचीबी. आता निकाल बदलत न्हाई, तुमालाच ठावं.”

“मी लेखी देते. चूक माझी म्हणून.”

“द्या. पर त्यानं तिची निवड हुत न्हाई. आन् राज्याच्या पंचांच्या यादीतनं तुमचं नाव जातंय, ते येगळंच.”

मी तिथंच पायरीवर बसून लिहून दिलं. मग मुलीला शोधायला गेले. मला भीती वाटत होती. एवढ्या पोरांना दम देणारी मी, सातवीतल्या मुलीसमोर जायला घाबरत होते.

अंगणात हलगी वाजत होती. पिवळ्या साड्या आणि पांढरे पोशाख एकमेकांत मिसळून गेले होते. बायका पोरांना धरधरून हळद लावत होत्या आणि कुणाच्याच हे लक्षात येत नव्हतं की ही वऱ्हाडातली पोरं नव्हेत. ती चिंचेच्या झाडाखाली आईशेजारी उभी होती. तिच्या पांढऱ्या जाकिटावर, बरोबर छातीवर, कुणाच्या तरी पिवळ्या बोटांचे ठसे.

“शेवटचा टच तुझा होता,” मी म्हटलं. “हल्ला तुझा होता. मी चुकीचा हात वर केला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “नक्की मॅडम?”

“नक्की.”

“मला तसंच वाटलं हुतं. पर म्हटलं, तुमाला दिसलं ते मला दिसलं नसंल.”

“मग विचारलं का नाहीस गं?”

“तुमीच सकाळी सांगितलं की. विचारायचं न्हाई म्हणून.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. आईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं. तिनं मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. “हिच्या पप्पांना सांगा. आमी सांगून पटायचं न्हाई.”

पलीकडे भट्टीच्या फुंकणीचा सूं असा आवाज येत होता. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, चूक सांगितली.

“म्हंजे पोरगी जिकली व्हती?”

“हो. जिंकली होती.”

“आन् कागदावर?”

“कागदावर हरली. तो निकाल आता बदलता येत नाही.”

फुंकणी बंद झाली. “मॅडम,” तो माणूस शांतपणे म्हणाला, “आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं सोनं आमच्या हातनं घटलं, तर आमी पदरचं घालून पुरं करतो. तुमच्यात काय करत्यात?”

मी फोन मुलीच्या हातात दिला. ती पाठमोरी होऊन बोलायला लागली. “व्हय पप्पा. जिकली हुती. मॅडमच म्हणाल्या.” हे तिनं तीनदा सांगितलं.

जूनमध्ये ती वडिलांकडे गेली. तिच्या सरांकडून कळलं. त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेला मला बोलावणं आलं नाही, पण ते तिच्या जाण्याशी तोलता येत नाही. सुट्टीच्या दिवशी मी घरी बसून राहायची. त्या माणसाचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. दुपारी पडलं की दिवे यायचे, त्यांच्या मागे पिवळी बोटं.

पुढच्या वर्षी पुन्हा निवड स्पर्धा, पुन्हा तीच गर्दी. हॉल खरा होता एवढंच. सुभेदारांनी माईक पुढं केला. “मॅडम, न्हेमीचं सांगा.”

मी माईक घेतला. पोरं आधीच गप्प झाली होती.

“पंच चुकतो,” मी म्हटलं. “मी चुकले आहे. एक मुलगी जिंकलेली होती, तिला मी हरवलं. शंका आली तर मुखवटा वर करा, हात वर करा आणि विचारा. कार्ड मिळणार नाही.”

सुभेदारांनी घड्याळाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

पहिल्याच सामन्यात एका मुलीनं मुखवटा वर केला. शंका अगदी चुकीची होती. हल्ला समोरचीचाच होता, दिवसासारखा स्वच्छ. मागे रांग वाढत होती, पोरं चुळबुळत होती. मी पट्टीवर उतरले, तिच्या जागी उभी राहिले आणि तिचा हात धरून तो टच पहिल्यापासून सावकाश करून दाखवला. तिला एकदा कळलं नाही, म्हणून पुन्हा दाखवला.