टाक पाऊल, पण तीनदा

कुतुबुद्दीन मुल्लाणीला तुम्ही पाहिलं नसेल. पण मुरगूड-बिद्रीच्या बाजूला कधी लग्न जेवला असाल, तर ऐकलं नक्की असेल. म्हणजे त्याला नव्हे, त्याच्या कर्ण्यांना. कोल्हापुरात, शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची खोली. लग्नसराई आली की दोन कर्णे, अँप्लिफायर आणि रेकॉर्डींची पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावर चढायची, आणि कुतुबभाई खाली खिडकीशी बसून नवरदेवाच्या बापाइतका गंभीर व्हायचा.

माणूस बारीक, दाढी निम्मी पांढरी, आणि डोक्यात सिद्धांतांचा उकिरडा. पंगतीला रडकं गाणं लावलं तर जिलेबी उरते. सनई फार वेळ वाजली की मुलीकडचे भांडण काढतात. आणि मिशीला पीळ असलेला माणूस हमखास आईवरचं गाणं मागतो. मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होतो, म्हणजे दुसऱ्या वर्षात दुसऱ्यांदा शिकत होतो. त्यामुळे त्याला ज्ञान पाजायचा मला पूर्ण अधिकार होता.

"कुतुबभाई, याला पुरावा काय?"

"पुरावा? एकोणीस वर्सं जिलब्या मोजतोय मी. तुझ्या पुस्तकवाल्यानं किती मोजल्या?"

माइक कायम त्याच्या हातात, पण हा गडी त्यात "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" याच्यापुढे एक अक्षर बोलला नव्हता. "आपला गळा म्हंजे गाढवानं गिळलेला बिगुल," असं त्याचं स्वतःविषयीचं मत. त्याच्या बायकोचं, नजीरावहिनींचंही तेच.

आता त्या रेकॉर्डीची गोष्ट. कुठल्याशा पडेल सिनेमातलं गाणं होतं, सिनेमा आठवड्यात उतरला, गाणं राहिलं. सासरच्या दारात उभ्या असलेल्या नवरीला सगळ्याजणी सांगतात, "टाक पाऊल, उंबऱ्यावरी". बिद्रीच्या अलीकडच्या एका गावात पहिल्यांदा वाजवली, तेव्हा तिच्यावर ओरखडा होता. सुई अडकली. "टाक पाऊल... टक्... टाक पाऊल... टक्... टाक पाऊल..." तिसऱ्यांदा कुतुबभाईनं बोटानं सुई ढकलली. तोवर त्या भाबड्या नवरीनं तीन पावलं टाकली होती आणि तिसऱ्याला उंबऱ्यावरचं तांदळाचं माप लवंडलं होतं. लोक हसले. पण वर्षाच्या आत तिला जुळं झालं, आणि हसणं थांबलं. पुढच्या लग्नात सुई आपोआप तिथंच अडकली. त्याच्या पुढच्याही. मग तो रिवाजच झाला. त्या गावात येणारी सून पहिल्या "टाक पाऊल"ला पायरीवर, दुसऱ्याला उंबऱ्यापाशी, आणि तिसऱ्याला पाय मापाला. चौदा सुना अशा आल्या.

मला हे कळलं आणि मी पेटलोच! "कुतुबभाई, ही निव्वळ सवय. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते तसं. बिघडलेली रेकॉर्ड घेऊन फिरताय काय? जमाना कॅसेटचा आहे!"

त्यालाही धास्ती होतीच. पलीकडच्या चौकातल्या एका पोरानं कॅसेटवाला डेक आणून दोन गावं फोडली होती. शेवटी एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं डेक घेतला. मी स्वतः दुकानात उभा राहून ते गाणं एका स्वच्छ रेकॉर्डवरून कॅसेटात भरून आणलं. काय आवाज! पैंजण वाजलेलंसुद्धा ऐकू येई. जुन्या रेकॉर्डीला नजीरावहिनींनी गरम पाण्यात बुडवून, कडा दुमडून, तिची फुलदाणी केली. त्या वर्षी गल्लीत सगळ्याच बायका तेच करत होत्या.

पहिलंच लग्न त्याच गावात, झुंबरबाईच्या मुलाचं, कृष्णातचं. माझा सल्ला, माझी कॅसेट. मी सोबत गेलो. सकाळी अक्षता पडल्या, जेवणं झाली, जिलेबी उरली नाही. दुपारी चारला वरात दारात. कृष्णात फेटा सावरत उभा, शेजारी मालन. कोवळी पोर, घामेजलेली. झुंबरबाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्याच्या आत. बायकांनी मालनला सगळं नीट पढवलेलं: तिसऱ्याला माप.

कुतुबभाईनं बटण दाबलं. गाणं लागलं, लखलखीत!

"टाक पाऊल, उंबऱ्यावरी..."

मालननं पाऊल पायरीवर ठेवलं, आणि गाणं सरळ पुढं निघून गेलं. तीन नाही, दोन नाही. थेट पुढचं कडवं.

सुई अडकायच्या जागी नवरी अडकली. एक पाय पायरीवर, एक अंगणात. आणि खरं सांगतो, कुत्र्याचा प्रयोग तोंडपाठ असलेल्या मीसुद्धा श्वास धरून त्या "टक्"ची वाट बघत होतो.

"आगं, मागं सरू नगंस!" कुणीतरी ओरडलं. "मागलं पाऊल वंगाळ!"

"फुडं बी नगं! दोन ऱ्हायल्यात की!"

झुंबरबाईनं ताट खाली केलं. "आरं कुतुबा, ह्ये कंचं गाणं लावलंस?"

"त्येच हाय की, आक्का."

"त्येच? त्ये अडकतंय, ह्ये पळतंय. आमाला कळंना व्हय?"

कुतुबभाईनं कॅसेट मागं घेतली. कर्ण्यांतून कोंबडी पिळल्यासारखा आवाज आला. पुन्हा "टाक पाऊल", पुन्हा एकदाच. मी पुढं झालो. "मावशी, शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर—"

"ह्यो पावणा कोन?"

"कालिजात हाय," कुतुबभाई म्हणाला.

"मग त्येला सावलीत बसवा."

दुसऱ्यांदा मागं घेताना डेकनं कॅसेट खाल्ली. आतली फीत शेवयांसारखी बाहेर. आता गाणंच नाही. मागून एक म्हातारी हळूच बोलली, पण ऐकू सगळ्यांना गेलं: "पोरीचा पायगुन बघा. आजपतूर कवा असं झालं न्हवतं."

मालनचा चेहरा उतरला. कृष्णातनं आईकडं बघितलं, आई जमिनीकडं. हे वाक्य एकदा घरात शिरलं की निघत नाही, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या म्हैस आटली, विहिरीचं पाणी खाली गेलं, की नाव मालनचं.

कुतुबभाई उठला. कान लाल झालेले. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चूक तुझी न् माझी, आन् खापर त्या लेकराच्या डोस्क्यावर? न्हाय जमायचं." आणि त्यानं माइक उचलला.

"हॅलो, हॅलो," तो सवयीनं म्हणाला. मग घसा खाकरला, आणि तो बिगुल वाजला. खरोखर गाढवानं गिळलेलाच होता!

"टाक पाऊऽल..."

मग जिभेनं टाळ्यावर आवाज काढला, "टक्!" हुबेहूब त्या ओरखड्याचा. मालन हलली नाही; पहिलं पाऊल तिनं टाकलेलंच होतं.

"टाक पाऊऽल..." या वेळी ओसरीवरच्या चार बायकांनी सूर धरला. "टक्!" अख्ख्या अंगणानं टाळ्यावर जीभ मारली, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनीही. मालन उंबऱ्यापाशी.

"टाक पाऊऽल!" आता कर्ण्यांची गरजच नव्हती. मीही बोंबलत होतो, मानसशास्त्र गेलं पंचगंगेत! मालनचा पाय मापाला लागला, तांदूळ थेट माजघरापर्यंत सांडले, आणि झुंबरबाईनं ताट बाजूला ठेवून दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली.

"चांगल्या पायाची हाय माजी सून," ती त्या मागच्या म्हातारीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "तिच्यापायी मुका मानूस गायला लागला!"

निघताना झुंबरबाई एस.टी.पर्यंत आली. डेककडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. "कुतुबा, दिवाळीनंतर आमच्या सयाजीचं लगीन हाय. ती पेटी आणलीस तरी चालंल, न्हाय आणलीस तरी चालंल. तू ये."

"आक्का, गळा कसा हाय बघितलासा न्हवं?"

"गळ्याचं जाऊ दे. पन टक् जरा मोठ्यांदा काढ. पाठीमागच्यांस्नी ऐकू आली न्हाय."

गाडी सुटली. शेवया निघालेली कॅसेट माझ्या खिशात होती. कुतुबभाई मांडीवर डेक घेऊन खिडकीशी बसला होता, आणि कोल्हापूर येईपर्यंत, कंडक्टरनं तीनदा वळून बघितलं तरी, त्याची जीभ टाळ्याला लागतच होती. टक्. टक्. टक्!