नझीरभाईंनी चाकू देऊन टाकले

मंडळी, आज दुपारी खांदेश्वरला नझीरभाईंकडे गेलो होतो. जुने घडीचे चाकू जमवणारे आम्ही तिघे दोस्त: नझीरभाई, दिवाळे गावचा जनार्दन आणि मी.

भाईंच्या हातांना कंप सुटतो, हे माहीत होतं. एवढा वाढलाय, हे आजच कळलं.

नवीन मिळालेला शिंगाच्या मुठीचा चाकू ते आम्हाला दाखवत होते. पात्याच्या खाचेत नख अडकवलं की निसटायचं. परत अडकवलं, परत निसटलं.

"आना इकडं भाई, मी उघडतो," जनार्दन म्हणाला.

"राहू दे. डॉक्टर बोलले, आता सुधारणार नाही. तुमी दोघं सगळे चाकू घेऊन जा यार. मला बघवत नाहीत."

आम्ही नाही नाही म्हणत राहिलो. त्यांनी चाकूंचा डबा जनार्दनच्या मांडीवर ठेवला आणि चहा सांगितला. एरवी कुठल्या पात्याचं पोलाद चांगलं यावरून तासन्‌तास भांडणारे आम्ही, आज चहा संपवून लगेच उठलो.

जिन्यात जनार्दनला रडू फुटलं. "आता यांच्याकडं येऊन बोलायचं काय रं?"

मी त्याच्या हातातला डबा घेतला. तुम्ही त्याला काय बोलला असतात?