कोंबड्यांच्या झुंजीत बसलेल्या आम्ही बाया

मंडळी, आज दुपारी आमच्या गावाजवळच्या जंगलात कोंबड्यांची झुंज भरली होती. पायाला धारदार काती बांधून कोंबडे सोडतात. एक तरी मरतोच.

ती अडवायला आम्ही अकरा बाया गेलो आणि थेट रिंगणातच बसलो. बघते तर समोर माझे सासरेच कोंबडा घेऊन उभे!

"सूनबाई, तू इथी काऊन आली?"

"कोंबड्याले घरी न्याले आली, मामाजी. तुमची नात रडून राह्यली."

मामाजींनी कोंबड्याच्या पायाची काती सोडली आणि कोंबडा माझ्या मांडीवर दिला. हळूहळू बाकीचेही पांगले.

वाटेत मामाजी हसत म्हणाले, "पुढच्या टायमाले मी बी बसतो तुमच्यासंग."

तुमच्याकडे झुंज भरली तर कोण कोण बसणार?