पंखा थांबेपर्यंत

कादरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या विज्ञान इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गाच्या दारात उभी होते. तास संपून मुलं निघून गेली होती आणि दोन पंखे तसेच फिरत होते. धुळ्याहून त्यांची मुलगी शबाना बोलत होती. "मावशी, अब्बा सकाळी गेले. नाश्ता केला, पेपर हातात घेतला आणि…" पुढचं तिला बोलता येईना. फोन ठेवून मी बटणं बंद केली आणि पंखे पूर्ण थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले. ही सवय मूळ त्यांची.

कादरभाऊ जळगावला आमच्या विद्यापीठात वायरमन होते. गेल्या वर्षी निवृत्त होऊन धुळ्याला, देवपुरातल्या घरी राहायला गेले. मी इथं सफाईचं काम करते. माझं गाव अक्कलकोटच्या पुढं, पार कर्नाटकच्या हद्दीला. नवऱ्याला इकडच्या डाळमिलमध्ये काम मिळालं म्हणून आलो. सुरुवातीला इथल्या बायकांचं अहिराणी बोलणं निम्मं डोक्यावरून जायचं. शाळा आठवीत सुटलेली, पण कामावर घेताना ठेकेदाराच्या माणसानं शिक्षण विचारलं तेव्हा मी "दहावी" म्हणून बसले. दहावीच्या खाली घेत नाहीत असं कुणीतरी कानात सांगितलं होतं. त्या एका शब्दाची भीती मग कायमची बसली. कुणी इंग्रजी कागद पुढं केला की वाटायचं… आता हिला वाचायला सांगतील, आता कळेल.

त्याच वर्षी विद्यापीठानं वीज वाचवायचं मनावर घेतलं. भिंतीभिंतीवर लाल अक्षरांतले इंग्रजी कागद लागले. पण बटणं बंद करणार कोण? सगळे गेल्यावर खोलीत शेवटी आम्हीच असतो. म्हणून कादरभाऊंनी आम्हा सफाईच्या बायकांना व्हरांड्यात बसवलं आणि म्हणाले, "भुसावळकडची वीज केंद्राची ती धुराडी पाहिली ना? इथं रिकाम्या खोलीत पंखा फिरला का तिथं कोळसा जळतो. कोनासाठी? भिंतीसाठी?" आमची कमलअक्का कुणाला सोडत नाही. ती म्हणाली, "भाऊ, तुमना घरमा पंखा कोन बंद करस?" कादरभाऊ म्हणाले, "तुमनी भाभी! मी खाले बसेल ऱ्हास तरी!" भाऊ खाली बसलेले असतानाही भाभी पंखा बंद करते, हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. मग त्यांनी आम्हाला एका वर्गात नेलं, पंखा बंद केला आणि पाती थांबेपर्यंत सगळ्यांना गप्प उभं केलं. "आता ऐका. पंखा थांबला का बाकीचं ऐकू येतं. काय चालू राहिलं, काय गळतंय… बठ्ठं, सगळं."

दिवाळीच्या सुट्टीआधी मला दुसरा मजला दिला होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक फ्रीजर घरघरत होता. त्याच्यावर लाल अक्षरांतला इंग्रजी कागद, खाली दोन रेघा मारलेल्या. भिंतीवरच्या कागदांसारखाच तो दिसला. मला वाटलं, हाही तेच सांगतोय, जाताना बंद करा. मी बटण बंद केलं, वायर काढली, वरून फडकंसुद्धा मारलं. चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

सुट्टी संपली आणि दार उघडताच वास आला. वैशाली नावाची पारोळ्याची मुलगी केळीवरच्या रोगाचा अभ्यास करत होती. शेतोशेत फिरून गोळा केलेले रोगट पानांचे तुकडे त्या फ्रीजरमध्ये होते, सगळे सडले. ती जमिनीवर बसून रडत होती. कादरभाऊ आले, कागदाकडं बघितलं, मग हळूच मला विचारलं, "ताई, काय लिहेल शे यावर?" मी खाली वाकून फरशी पुसायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुपारी ऑफिसात बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "एवढं मोठं लिहिलंय, दिसलं नाही? दहावी झालीये ना तुझी?" साहेब कारकुनाकडं वळले. "हिला काढा. आणि हे बटणं बंद करायचं खूळही आजपासून बंद." तेव्हा मागून कादरभाऊ बोलले. "साहेब, 'बंद करा'चा कागद लाल, इंग्रजी. 'बंद करू नका'चा बी लाल, इंग्रजी. मला दोन्ही सारखेच दिसतात."

"का? तुम्हाला वाचता येत नाही?"

"नाही साहेब. तारा येतात, इंग्रजी अक्षरं नाही. काढायचं तर मला बी काढा."

इतकी वर्षं नोकरी झालेला माणूस, सगळ्यांसमोर हे बोलला. कुणीतरी फस्सकन हसलं. शेवटी साहेब म्हणाले, "कागद बदला." माझी नोकरी राहिली, बटणं बंद करायचं कामही चालू राहिलं.

कादरभाऊंनी आगीच्या बादल्यांचा उरलेला लाल रंग आणि बागेच्या कठड्याचा हिरवा रंग आणला आणि काडीनं एकेका बटणावर ठिपका दिला. लालला हात लावायचा नाही, हिरवं जाताना बंद करायचं. वाचायची गरजच ठेवली नाही. मग मला वैशालीकडं घेऊन गेले. मी माफी मागितली. ती फक्त "हं" म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पुढचे कितीतरी रविवार, नव्यानं पानं गोळा करायला, कादरभाऊ तिला केळीच्या बागा दाखवत आपल्या लुनावरून पुढं जायचे, ती स्कूटीवरून मागं.

त्या दिवसापासून त्यांची टिंगल मात्र सुरू झाली. शिपाईसुद्धा नोटीस दाखवून म्हणायचे, "भाऊ, वाचा बरं!" ते हसायचे. मला फार लागायचं. एकदा ते पाण्याच्या पंपाचं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. "ताई, तू शिकून घे. मला या वयात जमणार नाही. तू वाचत जा, मी ऐकत जाईन." त्यांच्यासाठी म्हणून मी शिकले. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून एकेक अक्षर लावायची. चुकलं की ते म्हणायचे, "असं असेल का? पुन्हा पाहा बरं." मला वाटायचं, त्यांच्या उपकाराची थोडी तरी फेड होतेय…

फोन आला त्याच दुपारी मी एसटीनं धुळ्याला गेले. देवपुरातलं छोटं घर, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. शबानानं मला आतल्या खोलीत नेलं. खुर्चीजवळ चष्मा होता आणि खाली घडी विसकटलेला पेपर. इंग्रजी. मी म्हटलं, "हा तुझा का गं?" ती म्हणाली, "अब्बांचा. रोज मोठ्यानं वाचायचे, आमची झोपमोड व्हायची. पहिल्यापासूनच." मग तिनं फळीवरचं ते पंपाचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. पानोपानी कडेला त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं इंग्रजी टिपणं होती. जिथं जिथं मी अडायचे, तिथं शब्दाखाली एक टिंब.

इंग्रजी येत नाही असं अब्बा साहेबांसमोर म्हणाले होते, हे शबानाला मी सांगितलं नाही. बसमध्ये पुस्तक मांडीवर घेऊन बसले. पारोळा कधी मागं गेलं कळलं नाही.

परवा मी सुपरवायझरला खरं सांगितलं, आठवीच झालीये म्हणून. त्यानं ऐकून घेतलं आणि कामाला जा म्हणाला. पुढं काय होईल ठाऊक नाही. धाकधूक आहेच. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मात्र भरला.

काल संध्याकाळी प्रयोगशाळा झाडून झाली. हिरव्या ठिपक्यांची बटणं एकेक करून बंद केली आणि दारात उभी राहिले. पंखा हळू झाला, पाती मोजता येऊ लागली, मग थांबला. कोपऱ्यात फ्रीजरची घरघर ऐकू आली. त्याच्या बटणावरचा लाल ठिपका आता फिका पडलाय. वरच्या कागदावर वैशालीनं मराठीत लिहिलेलं आहे, खाली इंग्रजीतही. मी मराठी ओळ हातानं झाकली आणि खालची ओळ मोठ्यानं वाचली. खोलीत कुणी नव्हतं. तरी वाचून झाल्यावर थोडं थांबले… पुन्हा पाहा बरं, असं कुणी म्हणतंय का ते ऐकायला.