लाईन जावी म्हणून बसलेला माणूस

चहा आधी पिऊन घ्या, मंग सांगतो. मागं एकाले अर्ध्या चहात सांगितलं तं त्यानं माह्या सदऱ्यावर फवारा मारला. त्याची चूक नाही म्हणा. माह्याएवढा शहाणा माणूस अख्ख्या नांदुरा तालुक्यात नाही सापडाचा.

वडनेरच्या अलीकडं आपलं वावर आहे, रोडले लागून. तिथं हुरडा खायले शहरातले लोक येतात, म्हणून लहानसा स्विमिंग पूल बांधला. सगळं गाव त्यात डुंबलं, पण माही बायको कमल काठाच्या आत कधी गेली नाही. पाण्याचं लय भेव तिले. अन् मले वाटे, जन्मभर वांग्या-मेथीच्या वाफ्यात वाकली ही बाई, एकदा तरी मजेनं पाण्यात उतरावी. यंदा कशीबशी तयार झाली. बचत गटातल्या बाया येतो म्हणाल्या म्हणून.

अन् नेमकं तवाच पुलाचं काम काढलेलं. ठेकेदार म्हणे, "काका, तळाले एकच भोक आहे. मोटर तिथून पाणी ओढते, फिल्टरमधून काढते अन् परत पुलात सोडते. कोणी भोकावर बसलं तं सगळा जोर त्याच्यावर. आपण दोन भोकं करू, दूर दूर. एक झाकलं तं मोटर दुसऱ्यातून ओढीन. वरून फुगीर जाळ्या बसवू." जुनी जाळी काढून नव्या आणायले तो खामगावले गेला. जाता जाता बजावलं, मोटर लावू नका, पाण्यात कोणाले उतरू देऊ नका. फिल्टर तपासायले मांडीइतकं पाणी भरून ठेवलं होतं.

मी मोटर लावली काय? नाही. लाईनच नव्हती, सकाळपासून वीज गेलेली. फक्त स्टार्टरजवळून जाताना दिसलं, ऑटो बंद आहे. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं लाईन केव्हा येते, केव्हा जाते, कोणाले पत्ता असते? लाईन आली का मोटर आपोआप लागली पाहिजे, शेतकऱ्याच्या हाताले तेच वळण. दिलं ऑटो टाकून.

कमल काठावर उभी. "ते भोक मले ओढीन," म्हणे.

"काही ओढत नाही वं."

"मंग तुम्ही बसून दाखवा."

बसलो. मांडी घालून, बरोबर भोकावर. पाणी छातीले. "पाह्य, आहे काही?" म्हटलं.

तिचा चेहरा असा खुलला का विचारू नका. पदर कमरेले खोचला अन् पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

अन् लाईन आली.

अरे बापा, खालून कोणीतरी धरलंच ना मले! उठाले गेलो तं उठता येईना. जितका जोर लावला तितका अजून पक्का बसलो. ओरडावं तं ही बाई जन्मात पाण्यात पाय टाकणार नाही. म्हणून तोंड हसरं ठेवलं.

"येऊ काय?" कमल दुसऱ्या पायरीवर.

"नको."

"काऊन?"

"थंडं आहे पाणी."

"सकाळपासून ये ये करून डोकं खाऊन राह्यले, अन् आता नको?" रागानं तिसरी पायरी उतरली. खरं पाह्यलं तं तिले काही धोका नव्हता. भोकाले बूच म्हणून मी बसलोच होतो.

तेवढ्यात गटातल्या बाया आल्या. पाहतात तं भाऊजी पाण्यात मांडी घालून, डोळे मिटून, दात दाबून बसलेले.

"काऊन वं कमल, भाऊजी आंदोलनाले बसले काय?"

"लाईनसाठी बसले असतीन," दुसरी म्हणे.

त्यातली सुनंदाबाई मोठी समजूतदार. काठावर येऊन म्हणे, "भाऊजी, उठा आता. लाईन आली."

"आली म्हणूनच उठता येऊन नाही राह्यलं, बाई."

"मंग काय पाहिजे तुमाले?"

"लाईन गेली पाहिजे."

अख्ख्या जिल्ह्यात लाईन जावी म्हणून पाण्यात बसलेला शेतकरी मी एकटाच असीन. बाया खो खो हसत सुटल्या. कमलनं मात्र एकदा माह्याकडं पाह्यलं, एकदा मोटरच्या खोलीकडं. "ऑटो टाकलं ना तुम्ही?" म्हणे. अन् तशीच ओली, अनवाणी पळाली. मेन स्विच पाडला तवा सुटलो.

बसाच्या जागी बशीएवढा गोल उठला होता. रात्री तेल लावता लावता ती हसली बी, रडली बी. "हातभर पाणी जास्त असतं तं?" म्हणे. तवा मले खरंच भेव वाटलं. हा चहा तुम्ही माह्या तेरवीले पिला असता.

मले वाटलं, गेलं सगळं पाण्यात, आता ही पुलाचं नाव काढणार नाही. पण दुसरं भोक झालं, दोन्ही जाळ्या बसल्या. ठेकेदारानं मोटर लावून एका जाळीवर टॉवेल दाबला अन् सहज उचलून दाखवला. कमलनं ते नीट पाह्यलं अन् सगळ्यांच्या आधी उतरली. आता मस्त पोहते, बाकीच्या बायाईले शिकवते.

एखादी नवी बाई काठावर घाबरून उभी राह्यली का मले वावरातून हाक येते. जातो बापा, हातचं काम सोडून. कमल मले तिच्यासमोर उभं करते अन् म्हणते, "पाह्य, हे असे असून वाचले. तुले काय होते?"