कागदावरचा हात

रविवारच्या लेखनवर्गात ‘आठवणीतल्या एका खोलीबद्दल लिहा’ असं सांगून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. माझ्या शिकवण्यात उभं राहणं बरंच असतं. वळून पाहिलं, तर निवृत्त परिचारिका असलेल्या कुमुदताई डाव्या हाताचा आडोसा करून लिहीत होत्या, परीक्षेतल्या मुलीसारख्या.

“अहो ताई, इथे कोण तुमची कॉपी करणार?”

“कॉपीचं नाही हो सर. खरं लिहिलंय, म्हणून झाकलं.”

वर्ग हसला. मीही हसलो, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. कादंबरी कशी लिहावी हे मी दर आठवड्याला सांगतो आणि माझी स्वतःची कादंबरी वर्षभर अडून बसली आहे. माझं पान कधी झाकलेलं नसतंच. वाक्य कागदावर उतरायच्या आधीच मी ते मनातल्या मनात वर्गाला उदाहरण म्हणून वाचून दाखवत असतो.

संध्याकाळी लिहायला बसलो. बायको चहा घेऊन आली, खांद्यावरून वाकली आणि माझा डावा हात आपोआप कागदावर गेला.

“अगबाई, लपवताय? म्हणजे या वेळी जमतंय वाटतं!”

चहा गार झाला, पण मी हात काढला नाही.